पोह्यांच्या आधीचा डबा, तीन महिने खाऊन झाल्यावर

आधीच सांगते, सकाळच्या प्रोटीनवाल्या नाश्त्याचा घरगुती डबा देणाऱ्या ताईंचं नाव आणि नंबर इथे टाकणार नाहीये. त्यांनीच सांगून ठेवलंय की चाळीस डब्यांपुढे त्यांचा ओटा पण पुरत नाही आणि कंबर पण. राजेंद्र नगरातल्यांना कळेलच कोण ते, बाकीच्यांनी आपापल्या ओळखीत विचारा, इंदुरात असे घरगुती डबे देणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. मी लिहायला बसले ते यासाठी की पैसे भरायच्या आधी काय बघायचं, काय विचारायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं मी ठेच लागून शिकले.

माझं सांगायचं तर वय ५१, घर सुदामा नगर, नोकरी एका शाळेच्या ऑफिसात, साखर २०१९ पासून. साखर आहे म्हणजे काय, गोळी घ्यायची आणि गोड कमी खायचं इतकंच मी धरून चालले होते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी टेप काढून कंबर मोजली, ९४ सेंटिमीटर, आणि कागदावर पाच ओळी लिहून दिल्या. बाईची कंबर ८० च्या आत हवी, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १५० च्या आत (माझं २१२), एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ५० च्या वर (माझं ३८), बीपी १३०/८५ च्या खाली, उपाशीपोटी साखर १०० च्या खाली. यातल्या तीन गोष्टी बिघडल्या तरी त्याला मेटॅबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझ्या पाचच्या पाच. शाळेत कधी पाचपैकी पाच मिळाले नाहीत, इथे मिळाले. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.१ होतं.

डाएटिशियनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, सकाळी काय खाता? मी म्हटलं पोहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. आता इंदूरच्या माणसाला हे काय सांगायचं. इथे सकाळी सातला घराबाहेर पडलात तर कोपऱ्याकोपऱ्यावर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात चढवलेली असते, वाफेवर मऊसूत, बडीशेप घातलेले, वरून बारीक सेव, कांदा, लिंबू आणि जीरावन हा इंदुरी मसाला, शेजारच्या कढईत जलेबी. घरी केले तरी तेच, सासूबाई आपले कांदेपोहे करतात आणि आमचे हे त्यावर मूठभर सेव घेऊन त्याचे इंदुरी करून टाकतात. आणि माझा नाश्ता म्हणजे सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर कढईत उरलेलं, ओट्याशी उभ्या उभ्या, वर चहा. तो नाश्ता आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं, तो आपला कढई रिकामी करण्याचा प्रकार.

बाईंनी हिशोब मांडून दाखवला. भरलेल्या एका प्लेटीत सुके पोहे साधारण ६० ते ७० ग्रॅम, त्यातून प्रोटीन मिळतं चार-पाच ग्रॅम, बाकी जवळजवळ सगळा स्टार्च. आयसीएमआरच्या हिशोबाने धडधाकट माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, माझं वजन ६८ म्हणजे दिवसाला ५६ च्या आसपास. मी जेमतेम ४० खात होते आणि त्यातलं बरंचसं रात्रीच्या वरणातून. आणि सकाळची वेळच आमच्यासारख्यांना वाईट. पहाटे शरीर आपल्याला उठवायची तयारी म्हणून कॉर्टिसॉल वगैरे हार्मोन वाढवतं, लिव्हर रक्तात साखर सोडतं, धडधाकट माणसाचं इन्शुलिन ते सांभाळून घेतं, आमचं घेत नाही. म्हणून रात्री काही न खाता झोपलं तरी सकाळी आकडा वर. अशा वेळी वरून पोहे-जलेबी म्हणजे चढावर असलेल्या माणसाच्या डोक्यावर गोणी. त्यामुळे सकाळी २० ते २५ ग्रॅम प्रोटीन खा म्हणाल्या.

ठीक आहे म्हटलं आणि पहिले दोन महिने मी काहीच केलं नाही. खरं तेच सांगते. मूग भिजवायचे लक्षात राहायचं रात्री साडेअकराला, अंथरुणात. मधे एक पावडरचा डबा आणला, वर मोठ्या अक्षरात प्रोटीन लिहिलेलं, घरी येऊन मागचं बारीक वाचलं तर घटकांमध्ये साखर दुसऱ्या नंबरला. (जे सगळ्यात जास्त ते आधी लिहायचा नियम आहे, तेव्हापासून मी पाकीट उलटं करूनच हातात घेते.) तो डबा पुतण्याला दिला, तो खूश.

मग शाळेतल्या एका मॅडमकडून या ताईंचं कळलं. ९५ रुपये डबा, रविवार सुट्टी, महिन्याचे २६ डबे धरून २,४७० आगाऊ. स्टीलचा दोन खणी डबा, सकाळी सव्वासात ते साडेसातच्या मधे, कचऱ्याची गाडी गेली की पाठोपाठ त्यांचा मुलगा स्कूटरवर येतो आणि गेटवरूनच ओरडतो, "आंटी, डब्बा!" आदल्या दिवशीचा धुतलेला डबा द्यायचा, नवा घ्यायचा. धुतलेला नसेल तर तो झाकण उघडून वास घेतो आणि काही न बोलता आपल्याकडे नुसतं बघतो.

खायला काय असतं? सोमवारी सालीच्या मुगाच्या डाळीची दोन धिरडी, आत पनीर किसून. मंगळवारी मोड आलेल्या मटकीची उसळ, पावाशिवाय, बरोबर वाटीभर घट्ट दही. बुधवारी उकडलेली दोन अंडी आणि चण्याची चाट, अंडं न खाणाऱ्यांना त्याऐवजी पनीरचे तुकडे तव्यावर परतून. गुरुवारी बेसनाचा पोळा. शुक्रवारी सोयाबीनचा खिमा, त्याच्याबरोबर तळहाताएवढी ज्वारीची भाकरी. शनिवारी पनीर भुर्जी नाहीतर चक्का, हो, श्रीखंडाचा चक्का, पण साखरेच्या जागी मीठ, जिरेपूड आणि काकडी. चक्का असा पण खातात हे मला या वयात कळलं. आमचे ह्यांनी चव घेऊन बघितली आणि म्हणाले, "श्रीखंड रुसलंय."

सगळ्यात चांगलं काय असेल तर धिरडी. पातळ असतात, कडा जाळीदार, डाळ सालीसकट वाटलेली असल्यामुळे तो हिरवा खरखरीतपणा जिभेला लागतो, आलं-मिरची खलबत्त्यात ठेचलेली आहे हे कळतं, मिक्सरमधली पाणचट नाही. पनीर धिरडं तव्यावर असतानाच घातलेलं, त्यामुळे खालच्या बाजूला मधे मधे लालसर होऊन चिकटलेलं असतं, आणि तेच खरं खायचं. डब्यात वीस मिनिटं राहून थोडी मऊ पडतात पण चामट होत नाहीत. सोबत एक छोटी पुडी जीरावनची, इतकीशीच, कारण जीरावनमध्ये मीठ असतं आणि ताईंच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना बीपी आहे.

आता आकडे, कारण नुसतं छान लागतं यावर मी ९५ रुपये रोज घालणार नव्हते. ग्लुकोमीटर घरी होतंच. घास तोंडात घातल्यापासून दोन तासांनी मोजायचं, दोन आठवडे वहीत लिहून ठेवलं. जुन्या पद्धतीने पोहे, सेव, चहा, वर एक जलेबी: उपाशी १२८, दोन तासांनी २१४. नुसता डबा: उपाशी १२६, नंतर १४३. तीनदा करून बघितलं, एकदा १३९ आणि एकदा १५१. डॉक्टरांनी मला १८० च्या आत सांगितलंय, त्यामुळे मला मीटरवर विश्वासच बसेना.

मोजण्यावरून आठवलं, एका रविवारी २४१ आला आणि मी रडायच्या बेतात. मग लक्षात आलं की मी जलेबीचं ताट उचलून तसंच बोट टोचलं होतं. साबणाने हात धुऊन, पुसून परत टोचलं तर १७२. बोटाला लागलेला पाक मीटरला रक्तातली साखर वाटतो. स्ट्रिप वीस-बावीस रुपयांची, दोन वाया, पण मागच्या चार वर्षांत असे किती आकडे मी खरे धरून घाबरले असेन कोण जाणे.

पण पोह्यांशिवाय माझे दिवस जाईनात. आठवडाभर डब्यावर काढला आणि आठव्या दिवशी सासूबाईंनी फोडणीत बडीशेप टाकली तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर निघून गेले. डाएटिशियनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सोडू नका, नंबर बदला. आधी डबा, मग दहा-पंधरा मिनिटांनी अर्धी वाटी पोहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेलमधल्या डॉक्टरांनी हेच करून बघितलं होतं म्हणे, टाइप टू डायबिटीसचे, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणारे पेशंट, तेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी, एकदा ब्रेड आणि ज्यूस आधी, एकदा चिकन-भाज्या आधी आणि ब्रेड पंधरा मिनिटांनी. चिकन-भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी तासाभराची साखर ३७ टक्के कमी. प्रोटीन आधी गेलं की पोट हळू रिकामं होतं आणि आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते इन्शुलिनला आधीच हाक मारून ठेवतं, मग मागून स्टार्च आला तरी गडबड होत नाही. पण त्या प्रयोगात माणसं होती अकराच. म्हटलं बारावी मी.

धिरडी आधी, मधे वेणी घालून घेतली, भांडी आवरली, मग अर्धी वाटी पोहे चिमूटभर सेव घालून. दोन तासांनी १५८. परत केलं, १६४. मटकीच्या दिवशी १६१. उलटं पण करून बघितलं, तेच आणि तेवढंच, पोहे आधी आणि धिरडी मागून, तर १९३. तेच घास, तेच पोट! जी बाई ३० वर्षं सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी उरलंसुरलं खाते तिला कोणी सांगावं की कोणता घास आधी जातो याने ३० आकड्यांचा फरक पडतो. सासूबाईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी केलेल्या पोह्यांचा दोष नव्हता ना?" नव्हता, आई.

आता कुठे कुठे ठेच लागली ते.

पहिली मोठी. डबा सुरू करून पाचवा दिवस, पोहे पूर्ण बंद होते तेव्हा. सव्वाअकराला ऑफिसात फी-रजिस्टर लिहिताना हात थरथरायला लागला, मानेवर घाम, अक्षरं पुसट. शिपाई काकांनी पळत जाऊन पाणी आणलं, पर्समधलं मीटर काढलं तर ६४. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी परत मोजलं, ९२. झालं काय होतं, तर मला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड पण चालू होती, ती गोळी तुम्ही स्टार्च खाल्ला की नाही हे न बघता इन्शुलिन काढत राहते. मी सकाळचा स्टार्च एकदम काढून टाकला आणि डॉक्टरांना सांगितलंच नाही, नाश्त्यात काय सांगायचं असतं म्हणून. त्यांनी त्याच दिवशी गोळीचा डोस कमी केला आणि मला चांगलंच झापलं. तर कोणाला ही किंवा अशी गोळी, नाहीतर इन्शुलिन चालू असेल त्यांनी डबा लावायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, नंतर नाही, आणि आपल्या मनाने गोळी बंद पण करू नका.

दुसरी ठेच पनीरची. ताई म्हणतात धिरड्यात ५० ग्रॅम पनीर असतं. मी संशयी, पोस्टातल्या बापाची मुलगी. एक दिवस धिरडं उलगडून पनीर खरवडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ३८. पुढच्या सोमवारी परत, ३६. पनीरच्या १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १८-२० च्या आसपास असतं, म्हणजे दर धिरड्याच्या दिवशी अडीच ग्रॅमचा घाटा, फार नाही, पण पैसे ५० चे घेताय ना. मी सरळ फोटो पाठवला. दोन तास उत्तर नाही, मला वाटलं गेला डबा. मग ताईंचा फोन, की किसायला नवीन मुलगी ठेवलीय आणि ती अंदाजपंचे टाकते, आता काटा ओट्यावरच ठेवलाय. त्यानंतर दोनदा मोजलं, ४९ आणि ५२. मग मोजायचं सोडलं.

तेल ही मात्र अजून सुटलेली तक्रार नाही. भुर्जी आणि सोया खिम्याच्या दिवशी डब्याच्या कडेला तेलाची रेघ दिसते. साखरेच्या आकड्यावर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही म्हणून कोणी बोलत नाही, पण माझं ट्रायग्लिसराइड २१२ आहे हो. दोनदा सांगितलं, दोन दिवस कमी होतं, मग परत रेघ. मी आता झाकणात खिमा काढते आणि डबा कलता ठेवून तेल खाली राहू देते.

पावसाळ्यात वेळ चुकते. जुलैत तीनदा डबा आठ वाजून दहाला आला, तोपर्यंत मेटफॉर्मिन घ्यायची म्हणून मी पोहे खाऊन बसले होते. मग डबा खाऊन उपयोग काय, नंबरच चुकला. आता फ्रीजमध्ये दोन उकडलेली अंडी ठेवलेली असतात (एका अंड्यात सहा ग्रॅम), सात पस्तीसपर्यंत स्कूटर आली नाही की ती.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. संकष्टीला मी घाबरतच विचारलं होतं की उपवासाचं काही कराल का, कारण आमच्या घरी संकष्टी म्हणजे साबुदाणा खिचडी आणि साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, पोहे बरे त्यापेक्षा. ताईंनी दाण्याची आमटी, पनीरचे तुकडे जिरं-मिरचीवर परतून आणि राजगिऱ्याचं एक छोटं थालीपीठ दिलं. दोन तासांनी १४९. संकष्टीला १४९! सासूबाईंनी साबुदाण्याचा डबा खालच्या फळीवर नेऊन ठेवला, हा मोठाच निर्णय होता, फक्त बोलल्या काही नाहीत.

आणि दुसरी. माझ्या जाऊबाईंना पण डबा लावायचा होता, त्यांना साखर माझ्याही आधीपासून. ताईंनी पैसे घ्यायच्या आधी विचारलं, किडनीचा रिपोर्ट आहे का. माझ्या वेळी पण विचारलं होतं, माझं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन दोन्ही ठीक होतं. जाऊबाईंनी तपासलंच नव्हतं, तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. त्यांच्या डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायचं नाही, मोजूनच खायचं म्हणून सांगितलं, त्यांना वेगळा आहार आहे. म्हणजे महिन्याचे २,४७० सोडून ताईंनी गिऱ्हाईक परत पाठवलं. पनीरचे १२ ग्रॅम मी तिथेच माफ केले.

पैशाचं बोलायचं तर महाग आहे. घरी केलं तर तेच धिरडं पनीरसकट तीस-पस्तिसात होतं, हे मला माहीत आहे आणि आमचे हे पण अधूनमधून आठवण करून देतात. मी त्यांना म्हटलं, करा ना मग, मूग मी आणून देते. त्यांनी एकदा केलं पण, खोटं कशाला बोलू. धिरड्याचा लगदा झाला, तवा भिजत पडला, पण चव वाईट नव्हती. तेव्हापासून पैशाचा विषय निघालेला नाही.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.३ आलं. सगळं श्रेय डब्याला देत नाही, रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं अन्नपूर्णा रोडपर्यंत चालायला पण लागलेय आणि गोळीचं पण बदललंय. कंबर ९४ ची ९१. ट्रायग्लिसराइड १९०, त्या तेलाच्या रेघेसकट. अकराला ऑफिसात बिस्किटाचा पुडा फोडायचे ते आपोआप बंद झालं, भूकच लागत नाही एकपर्यंत, हे मात्र नक्की डब्याचंच.

पाचपैकी चार स्टार. अर्धा तेलाचा कापला, अर्धा पावसाळ्याचा. पुढच्या महिन्याचे पैसे भरलेत. उद्या गुरुवार, बेसनाचा पोळा असतो, त्यात ओवा जरा जास्तच पडतो, ते पण सांगायचंय ताईंना, पण आधी डबा धुऊन ठेवते, नाहीतर तो पोरगा वास घेईल.